दुर्गम गावांसोबत आरोग्यसेवेचं संशोधन: पहिल्या भेटीपासून निकालाच्या सभेपर्यंत

भागीदारीतलं संशोधन बहुतेक वेळा एकाच जागी फसतं. प्रश्नावली शहरात तयार होते, एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळते, निधी येतो आणि मग सरपंचाची सही घ्यायला गाडी गावात पोचते. अहवालात मात्र 'लोकसहभाग' असं लिहिलं जातं. अशा कामात गावानं काहीच ठरवलेलं नसतं. म्हणून लोक विचारलं तेवढंच सांगतात, आणि खरी अडचण न कळताच काम संपतं.

खालचे टप्पे मेळघाट, गडचिरोली, धडगाव-अक्कलकुवा अशा भागांत काम करणाऱ्या संस्था, वैद्यकीय महाविद्यालयं आणि आरोग्य विभागातल्या मंडळींसाठी आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी माहेरघर आहे, गरोदर बाईनं तारखेच्या काही दिवस आधी तिथं येऊन राहावं अशी सोय आहे, तरी ते रिकामं राहतं. का?

## तयारी: गावात पाऊल टाकण्याआधी

आधी गावाचं वर्ष कागदावर मांडा. मेळघाटात दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर जातं आणि होळीला परततं. गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदू, जुलैत रोवणी म्हणजे भाताची लावणी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आठवडी बाजाराच्या दिवशी घरी कोणी सापडत नाही. निधीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून मुलाखती मे महिन्यात लावल्या, तर घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतील. ज्यांच्यासाठी अभ्यास आहे त्या तरुण बायका पहाटेच जंगलात गेलेल्या असतील.

होळीच्या आठवड्यात सगळे गावात असतात, पण मुलाखतीला बसण्याची ती वेळ नव्हे. त्या आठवड्यात फक्त घरयादी करा.

वेळेचा हिशेब साधारण असा धरा: ओळख आणि प्रश्न ठरवणं ३ महिने, मंजुऱ्या २ ते ३ महिने, साधनं आणि प्रशिक्षण २ महिने, नोंदी ४ महिने, अर्थ लावणं आणि सभा ३ महिने. बदल करून पाहायचा असेल तर त्यावर किमान एक पूर्ण वर्ष. बारा महिन्यांच्या निधीत हे सगळं बसत नाही. तेव्हा प्रश्न लहान करा, पण सुरुवातीचे तीन महिने कापू नका.

अंदाजपत्रकात तीन रकमा पहिल्यापासून वेगळ्या ठेवा: गावातल्या सह-संशोधकांचं मानधन, बैठकीला येणाऱ्यांची बुडीत मजुरी आणि निकाल गावात परत नेण्याचा खर्च. तिसरी रक्कम हमखास विसरली जाते. मग शेवटी पैसे नाहीत म्हणून निकालाची सभाच होत नाही. एकूण रकमेच्या १५ टक्के तरी तिच्यासाठी बाजूला काढा.

परवानगीसाठी आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग वैद्यकीय अधिकारी, हा क्रम पाळा. गाव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर वनविभागही. परदेशी निधी किंवा परदेशी संस्था असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून सर्वात आधी तिचीच चौकशी करा.

## टप्पा १: गाव म्हणजे नक्की किती पाडे, ते मोजा

महसुली नोंदीत एक गाव असतं, प्रत्यक्षात पाच पाडे असतात आणि त्यातला एक नदीपलीकडे. अंगणवाडी, आशाताईंचं घर आणि डांबरी रस्ता बहुधा मोठ्या पाड्यात. वेळ कमी पडला की सर्वेक्षण तिथंच उरकलं जातं आणि निष्कर्ष निघतो की सेवा बऱ्यापैकी पोचते आहे.

१. जनगणनेची यादी, आशाची यादी आणि अंगणवाडीची यादी समोरासमोर ठेवा. जिथं घरांचे आकडे जुळत नाहीत तिथं आधी जा.

२. गावातल्या चार-पाच जणांना घेऊन जमिनीवर नकाशा काढा. रांगोळी, खडे, पानं काहीही चालेल. घरं, पाणी, वाटा, पावसाळ्यात बंद होणारा नाला, फोनची रेंज मिळते ती टेकडी. बायकांचा नकाशा वेगळा काढा. पुरुषांच्या नकाशात रस्ता ठळक असतो, बायकांच्या नकाशात पाण्याची आणि सरपणाची वाट.

३. प्रत्येक घराला अभ्यासाचा क्रमांक द्या. दारावर खडूनं लिहू नका, पावसात जातो. नकाशाची प्रत आणि यादी हेच मूळ रेकॉर्ड.

तपासा: सर्वात लांबच्या पाड्यावर तुम्ही स्वतः चालत जाऊन आलात का? किती वेळ लागला ते वहीत लिहिलंत का? प्रसववेदना सुरू झालेल्या बाईला किती वेळ लागत असेल याचा पहिला अंदाज तिथूनच येतो.

## टप्पा २: प्रश्न गावाकडून येऊ द्या

हा टप्पा घाईत उरकला तर पुढचं कितीही नेटकं केलं तरी उपयोग नाही.

पहिल्या बैठकीत कागद काढू नका. 'तुमच्या आरोग्याच्या समस्या काय?' असंही विचारू नका. त्या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: डॉक्टर नाही, गोळ्या नाहीत. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा. 'मागच्या पावसाळ्यात कोणाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं? कसं नेलं? गाडीला फोन कोणी केला? कुठवर खाटेवर नेलं?' एका माणसानं सांगायला सुरुवात केली की दुसरा त्याला दुरुस्त करतो. त्या दुरुस्त्यांतच खरी माहिती असते.

निदान चार वेगळ्या बैठका घ्या: तरुण बायका, सासवा आणि दाया, पुरुष, आशा-अंगणवाडीताई. प्रत्येकीत ६ ते १० जण, सव्वा तासाच्या आत. सासूसमोर सून बोलत नाही आणि सिस्टरसमोर आशा बोलत नाही. भुमका (गावातला पारंपरिक वैदू) किंवा पुजारी यांना वेगळं भेटा, त्यांच्या घरी. मेळघाटात लहान बाळाच्या पोटावर दिल्या जाणाऱ्या डंब्याबद्दल, म्हणजे तापवलेल्या लोखंडाच्या चटक्यांबद्दल, सरकारी गाडीतून उतरलेल्या माणसानं विचारलं तर उत्तर 'आमच्याकडे आता नाही' असंच येणार. तो प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचाच नाही.

ऐकल्यावर प्रश्न कसा बदलतो ते माहेरघराच्या उदाहरणात पाहा. कार्यालयाचा प्रश्न असतो, 'बायकांमध्ये जागृती का नाही?' गावात बसलं की वेगळेच प्रश्न पुढे येतात. मोठ्या मुलाला कोण सांभाळणार? सोबत आलेल्या सासूच्या जेवणाचं काय? बुडीत मजुरी हातात कधी पडते? रात्री तिथं दिवा असतो का, दार आतून लागतं का? तारीख कोणी काढली आणि ती किती चुकते? तारीख पंधरा दिवस चुकली तर बाई पाच दिवस राहून कंटाळून परत जाते आणि घरीच बाळंत होते. ती अडाणी होती म्हणून हे घडलं असं म्हणता येत नाही, तारखेची चूक कोणाची हे शोधावं लागतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं होतं की तो कसा असावा. मोठ्या इमारतीची भीती वाटते हे तेव्हा कळलं, आणि दवाखाना पाड्यातल्या झोपड्यांसारखा उभा राहिला.

सर्व बैठकांतून आलेले विषय चिठ्ठ्यांवर चित्रांनी काढा आणि प्रत्येकाला पाच दाणे द्या. ज्या चिठ्ठीचं काम आधी व्हावं असं वाटतं तिच्यावर दाणे ठेवायचे. बायकांच्या आणि पुरुषांच्या दाण्यांचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे मतभेद दिसतो. तो झाकू नका, नोंदवा.

सावधान: गावानं निवडलेला प्रश्न तुमच्या निधीत बसत नसेल तर त्याच सभेत तसं सांगा. 'बघू' म्हणून ठेवलेला शब्द वर्षभर पाठीमागे येतो.

## टप्पा ३: ठराव आणि करार

पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. नुसत्या ग्रामपंचायतीच्या पत्रावर काम सुरू करू नका. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. विषय आधी तिथं मांडून घ्या.

करार एका पानाचा असावा आणि मोठ्यानं वाचून दाखवावा. त्यात या गोष्टी हव्यातच: प्रश्न काय, कोण काय करणार, मानधन किती, माहिती कुठं राहणार, निकाल आधी कोणाला, आणि ग्रामसभा काम कधीही थांबवू शकते का. शेवटच्या कलमावर संस्था कचरतात. पण ते नसेल तर भागीदारी नाही, फक्त परवानगी आहे.

गावातून दोन सह-संशोधक घ्या, त्यात एक तरी बाई. निवड ग्रामसभेनं करावी. शिक्षणाची अट दहावी ठेवली की बहुतेक ठिकाणी पाटलाचा मुलगाच येतो. वाचता-लिहिता येणं पुरे. मानधन रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नको, आणि ते दर पंधरा दिवसांनी हातात पडलं पाहिजे.

आशाताईंना सह-संशोधक करण्याचा मोह टाळा. त्यांच्यावर आधीच रजिस्टरांचं ओझं आहे, आणि सेवेबद्दलची तक्रार सेवा देणाऱ्या बाईसमोर कोणी सांगत नाही. त्यांना सल्लागार गटात घ्या.

## टप्पा ४: एथिक्स कमिटी आणि संमती

प्रस्ताव आता पाठवा, प्रश्न ठरल्यावर. आधी पाठवला असेल तर बदललेल्या प्रश्नाची दुरुस्ती मंजूर करून घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचा. ग्रामसभेचा ठराव ही समूहाची परवानगी आहे, तिनं व्यक्तीची संमती आपोआप मिळत नाही. दोन्ही लागतात.

संमतीतल्या नेहमीच्या चुका अशा. माहितीपत्रक मराठीत असतं आणि बाई कोरकू, माडिया किंवा पावरी बोलते. अंगठा घेतला जातो, पण निःपक्षपाती साक्षीदार नसतो. साक्षीदार म्हणून आशा किंवा पोलीस पाटील उभे केले जातात, त्यांच्यासमोर नाही म्हणणं बाईला शक्य नसतं. शेजारच्या पाड्यातली वाचता येणारी, अभ्यासाशी संबंध नसलेली व्यक्ती घ्या. समजलं की नाही हे पाहायला बाईलाच विचारा: 'तुम्ही नाही म्हणालात तर काय होईल?' 'गोळ्या बंद होतील' असं उत्तर आलं तर पुन्हा पहिल्यापासून समजावा.

अठराखालच्या मुलींबाबत आधीच ठरवा. ७ ते १२ वयाला तोंडी होकार, १२ ते १८ला लेखी, शिवाय पालकांची संमती. पण खरा पेच निराळा आहे: दुर्गम भागात सतरा वर्षांची गरोदर मुलगी मुलाखतीत भेटते, आणि मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबतच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे. काय करायचं, मुलीला आधी काय सांगायचं, मदत कोण देणार, हे एथिक्स कमिटीकडून लेखी घ्या. गावात पोचल्यावर मुलाखतकर्त्यानं एकट्यानं ठरवण्याची ही गोष्ट नाही.

सेवेत बदल करून त्याचा परिणाम मोजणार असाल तर पहिली व्यक्ती सहभागी होण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियात नोंद करा.

## टप्पा ५: प्रश्नावली, भाषा, सराव

प्रश्नावली आधी गावच्या भाषेत बोलून घ्या, मग लिहा. लिहिल्यावर वेगळ्या माणसाकडून ती परत मराठीत आणा आणि ताडून पाहा. 'जोखमीची गरोदर माता' हा शब्द भाषांतरात 'आजारी बाई' होतो आणि निरोगी दिसणारी रक्तक्षयाची बाई त्यात येतच नाही.

तारखा महिन्यांत विचारू नका. होळी, पोळा, तेंदूचा फड, रोवणी यांच्या खुणांवर एक स्थानिक पंचांग तयार करा आणि 'बाळ झालं तेव्हा मोह वेचून झाला होता का?' असं विचारा.

प्रशिक्षण पाच दिवसांचं. त्यातले दोन दिवस फक्त सराव, तोही अभ्यासाबाहेरच्या गावात. ८-१० मुलाखतींची चाचणी घ्या आणि अडखळलेला प्रत्येक प्रश्न बदला. मोबाइलवर नोंद करायची असेल तर कोबो टूलबॉक्ससारखं रेंजशिवाय चालणारं साधन वापरा. सोबत कागदी फॉर्म, दोन पॉवर बँक, प्लास्टिकची घट्ट पिशवी. फोनला कुलूप हवं. नावांची यादी आणि उत्तरांचा तक्ता एकाच फोनमध्ये नको.

## टप्पा ६: नोंदी, आणि विशेषतः मृत्यू मोजणं

एका जोडीनं दिवसाला चार-पाच मुलाखतींपेक्षा जास्त करू नयेत. दिवसाला बारा फॉर्म येऊ लागले तर ते झाडाखाली भरले जात आहेत असं समजून तपासा. दर दहा घरांमागे एका घरी पर्यवेक्षकानं पुन्हा जाऊन तीन-चार मुख्य प्रश्न विचारावेत.

बाळंतपण आणि बालमृत्यू मोजताना 'मुलं किती?' हा प्रश्न सगळ्यात फसवा. उत्तरात जिवंत मुलंच येतात. प्रत्येक गरोदरपण क्रमानं विचारा: बाळ आता तुमच्याजवळ आहे का, दुसरीकडे आहे का, की राहिलं नाही? राहिलं नसेल तर आवाज खाली आणून, थांबून: जन्मल्यावर रडलं होतं का? हातपाय हलवले होते का? श्वास घेतला होता का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ते जिवंत जन्मलेलं बाळ, आणि त्याची नोंद नवजात मृत्यूत. नोंदवहीत असे मृत्यू अनेकदा 'उपजत मृत' म्हणून जातात. कधी चौकशीच्या धास्तीनं, कधी खरंच कोणी विचारलं नाही म्हणून.

मग आशाचं रजिस्टर, अंगणवाडीचं रजिस्टर आणि ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद घरोघरच्या यादीशी जुळवा. सुटलेली बाळं बहुधा तीन ठिकाणची असतात: पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलेली, माहेरी जन्मलेली, आणि स्थलांतराच्या गावी जन्मलेली. न जुळणारी प्रत्येक नोंद दुसऱ्या भेटीत सोडवा.

सावधान: सुटलेला मृत्यू सापडला म्हणून आशावर कारवाई झाली, तर पुढच्या वर्षी एकही मृत्यू सापडणार नाही. नावानिशी माहिती कार्यालयाला द्यायची नाही हे करारात आधीच हवं.

मुलाखत घेताना आजारी बाळ दिसलं तर फॉर्म बाजूला ठेवा. १०२ किंवा १०८ला फोन, रेंज कुठं मिळते, गाडी कुठपर्यंत येते, पुढचं कसं न्यायचं, हे प्रत्येक जोडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.

## टप्पा ७: आकड्यांचा अर्थ लावताना

लहान लोकसंख्येत दर काढू नका. वर्षाला २० जन्म होणाऱ्या गावात एक बाळ गेलं तर बालमृत्युदर हजारी ५० निघतो, एकही गेलं नाही तर शून्य. दोन्ही आकडे गावाबद्दल काही सांगत नाहीत. आदिवासी भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण २०,००० लोकसंख्येसाठी असतं. तिथं वर्षाला ४०० जन्म धरले आणि मृत्यू १४ वरून १० वर आले, तरी तेवढी चढउतार निव्वळ योगायोगानंही होते. त्यावर 'मृत्यू २९ टक्क्यांनी घटले' असं छापणं ही गावाची आणि वाचकाची फसवणूक आहे.

त्याऐवजी वाटेतल्या पायऱ्या मोजा. तारीख जवळ आलेल्या किती बायका, त्यातल्या कितींना माहेरघराबद्दल कोणी सांगितलं, किती निघाल्या, किती पोचल्या, किती दिवस राहिल्या, किती बाळंत होण्याआधी परतल्या, परतण्याचं कारण. गळती कुठं आहे ते थेट दिसतं आणि सहा महिन्यांत बदलही कळतो.

अर्थ लावायला सह-संशोधक आणि सल्लागार गट सोबत बसवा. ४० घरांच्या पाड्यात 'बावीस वर्षांची, दोन मुलं, सिझेरियन झालेली' एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. अशी वाक्यं तेच पकडतील.

## टप्पा ८: बदल करून पाहणं

बदल लहान आणि गावानं निवडलेला असावा. उदाहरणार्थ, माहेरघरात चूल आणि शिधा देऊन सोबतीच्या बाईला स्वतः रांधू देणं, बुडीत मजुरी निघतानाच हातात देणं, तारीख पहिल्या तिमाहीतच नीट काढून ठेवणं. तिन्ही एकदम केलं तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही, पण बायकांसाठी तिन्ही लागत असतील तर एकदमच करा आणि अहवालात 'तिन्ही मिळून' असं लिहा.

काही गावांना सेवा आणि काहींना फक्त मोजणी, ही विभागणी गावांना मान्य होत नाही, व्हायलाही नको. सगळ्यांना बदल मिळेल, पण पाळीपाळीनं. पाळी चिठ्ठी टाकून, सगळ्या गावांचे प्रतिनिधी समोर असताना, एखाद्या लहान मुलाच्या हातानं काढा. उशिरा पाळी येणारी गावं तोवर तुलनेला मिळतात.

तुलना जुलैची जुलैशी. एप्रिलची जुलैशी केली तर नाल्याला पाणी नव्हतं म्हणून पोचलेल्या बायका तुमच्या योजनेच्या खात्यावर पडतात.

## टप्पा ९: निकाल आधी गावात

प्रत्येक पाड्यात सभा घ्या, ग्रामपंचायतीच्या गावात एकच नको. पडदा आणि प्रोजेक्टर नको. जमिनीवर वीस मक्याचे दाणे मांडा: 'या वीस बायका.' मग एकेक दाणा उचलून बाजूला ठेवा: या सहा जणींना सांगायला कोणी आलंच नाही, या चौघी निघाल्या पण गाडी नव्हती. लोक दाण्यांशी वाद घालतात, आलेखाशी घालत नाहीत. कोणी म्हणालं 'आमच्याकडे गाडी आली होती, रस्ता नव्हता', तर अहवाल तिथंच दुरुस्त करा.

वाईट निकालही सांगा. बदलाचा उपयोग झाला नसेल तर तेच आधी.

मग त्याच सभेत काम, जबाबदार माणूस, तारीख आणि पैसा कुठून, हे मोठ्या कागदावर लिहा. पैशासाठी उपकेंद्राचा आणि ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी (कशावर खर्चायचा ते आधी न बांधलेला), तसंच पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा पाच टक्के अबंधित निधी पाहा. वैद्यकीय अधिकारी सभेला असतील तर त्यांच्या अधिकारातलं एक तरी काम त्याच दिवशी मार्गी लावा, दाराची कडी बसवणं का असेना.

तालुका आणि जिल्ह्याच्या बैठकीत सह-संशोधक स्वतः बोलतील अशी वेळ मागून घ्या, प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी धरून. शोधनिबंधात त्यांची नावं त्यांच्या संमतीनं लेखकांत द्या. छापण्याआधी मसुद्याचा सारांश ग्रामसभेला वाचून दाखवा.

नकाशा, नावं काढलेला तक्ता आणि कामांच्या कागदाची प्रत ग्रामसभेकडे राहते. सहा महिन्यांनी एक जोडी पुन्हा पाड्यांवर जाते आणि कागदावरच्या प्रत्येक ओळीसमोर झालं, अर्धवट किंवा नाही असं लिहिते. या भेटीची तारीख निकालाच्या सभेतच ठरवा, आणि ती बाजाराच्या दिवशी येत नाही ना ते पाहा.